मयताचं नाव लागत नाही

आई,

आपल्या घराला आता तात्यांच्या जोडीला आणखी दोन नावं लागणार आहेत. एक धाकट्याचं, एक त्याच्या होणाऱ्या बायकोचं. तुझं त्यात नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की गल्लीतल्या नव्या सुना मला विचारतात, तुमची आई कशी हो होती, आणि मी सांगायला लागले की त्यांना चुलीवर ठेवलेलं दूध आठवतं. घरात तर तुझा विषयच निघत नाही. तात्या तुझा उल्लेख ‘ती असताना’ असा करतात, जणू तू एखादा हंगाम होतीस. म्हणून हे तुलाच लिहिते आहे.

धाकटा तू गेलीस तेव्हा सहावीत होता, शर्टाच्या बाहीला नाक पुसायचा. आता नागापूरला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. अंगानं तात्यांसारखा झालाय, बोलायला तुझ्यासारखा, म्हणजे कमी. गेली काही वर्षं त्याच्यासाठी मुली बघत होतो. बघत होतो म्हणायचं, खरं तर मुलीकडचेच आपल्याला बघून जात होते. तुझ्या वेळी मुलीची उंची, रंग, भाकरी येते का हे विचारायचे. आता मुलाला विचारतात. रान किती, रानाला पाणी आहे का, पोरगा परमनंट आहे का. आपलं रान म्हणजे पावसाच्या भरवशावरची बाजरी, आणि धाकटा परमनंट नाही. चहा पिऊन माणसं उठायची आणि फोन उचलायची बंद व्हायची. शेवटी पारनेरजवळच्या एका घरात जमत आलं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, धीट, डोळ्यात बघून बोलणारी. बैठकीला तात्या, धाकटा, चुलते आणि मी गेलो. देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं बोलून झालं आणि सुपारी फोडायची तेवढ्यात मुलीच्या मामांनी घसा साफ केला.

“पाव्हनं, एक इचारायचं ऱ्हायलं. घर कुनाच्या नावाव हाय?”

“माझ्या,” तात्या म्हणाले. “दुसऱ्या कुनाच्या आसनार?”

“तसं न्हाई. आमची भाची म्हनती, घराला दोघांचं नाव लागल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. पोराचं आन तिचं.”

तात्यांना आधी ती गंमत वाटली. “पोरगी म्हनती व्हय?”

“पोरगीच म्हनती. आमी कशाला म्हनू? आमच्यात तरी कुठं बायकांची नावं हायत?” मामा हसले, मग सगळेच हसले, पण सुपारी तशीच पाटावर राहिली.

मला आतून बोलावणं आलं. स्वयंपाकघरात मुलगी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, “ताई, तुम्ही मला ओळखलं नसणार. तुम्ही आमच्या कॉलेजच्या शिबिराला आला होता.” मी गेले होते. मी एका संस्थेत काम करते आई, तुला हे कसं समजावू, मी गावोगाव जाऊन बायकांना आणि मुलींना त्यांच्या हक्कांचं सांगते. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे ना, मला वाटतं मला जे कळलं ते सगळ्यांना कळलंच पाहिजे. “तुम्ही म्हणाला होता,” ती म्हणाली, “की मंगळसूत्र केवढ्याचं घालणार ते विचारता, मग घर कुणाच्या नावावर आहे ते विचारायला लाज कसली? लग्नाआधीच विचारायचं. नंतर कुणी ऐकत नाही. मी त्याच दिवशी ठरवलं होतं. आता योगायोगानं तुमचंच घर निघालं, त्याला मी काय करू?” आणि मग जरा घाबरून, “राग आला का?”

मला राग आला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिचे दोन्ही हात धरले. इतकी वर्षं बोलते आहे, समोरच्या बायका मान हलवतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन होतं तसंच चालू ठेवतात. ही एक निघाली जिनं ऐकलं. मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, तिची मागणी बरोबर आहे, तो तिचा हक्क आहे. येताना गाडीत कामरगावचा घाट मागं पडल्यावर तात्या म्हणाले, “तुझं भाषान आपल्याच दारात आलं की गं.” मी हसले. तेही थोडं हसले. आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी होकार देऊन टाकला. “लावू नाव. काय घर कुनी उचलून न्हेतंय का? पोराचं जमतंय त्ये महत्त्वाचं.”

आई, तो होकार इतक्या सहज आला, त्यानंच मला लागलं. तेव्हा नाही लागलं, तेव्हा मी खूश होते, संस्थेतल्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं की आमच्या घरापासून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला ओट्यापाशी गेले आणि सवयीनं पाठीत वाकले. तो ओटा तुझ्या उंचीचा आहे. मिस्तरीनं विचारलं होतं, “वैनी, किती उंच धरू?” तू भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि लाटणं धरल्यासारखे हात पुढं केलेस. त्यानं तुझ्या हाताखाली कोळशानं रेघ मारली. तू ठेंगणी होतीस. त्या रेघेवर कडाप्पा बसला, आणि तेव्हापासून या घरात जी कुणी भाजी चिरते तिची पाठ दुखते. आत्या आली की म्हणते, “हा काय ओटा हाय का पाट?” मीही कितीदा चिडले आहे. त्या दिवशी मात्र वाकल्यावर तसाच हात टेकून थांबले. चहा उतू गेला.

हे घर कसं झालं ते मला पाठ आहे. आपण तेव्हा चुलत्यांच्या पडवीत राहत होतो. तात्या टेम्पो चालवायचे, आणि तू त्यांच्याच टेम्पोतून नागापूरला जायचीस, रबराचे वॉशर कापायला. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेचं जास्तीचं रबर कात्रीनं काढायचं, दिवसभर तेच. तुझ्या बोटांना कात्रीची कड पडलेली, आणि पदराला तो वास. वाया गेलेल्या वॉशरची रिंगणं तू माझ्यासाठी आणायचीस, वेण्यांना बांधायला. शाळेत मला सगळे ‘टायर’ म्हणायचे. मी घरी येऊन रडले तर तू म्हणालीस, “टायरवर आख्खी गाडी चालती, सांग त्यान्ला.” दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं आणि आणखी हसू झालं. पण मी ती रिंगणं काढली नाहीत. केस घट्ट राहायचे.

भिंती उभ्या राहिल्या त्या वर्षी गावात टँकर होता. प्यायला पाणी नाही तिथं भिंतीला कुठून मारणार? मिस्तरी म्हणाला, पाणी बसलं नाही तर प्लॅस्टर पुढच्या उन्हाळ्यात फुगेल. तात्या म्हणाले, मग थांबू, पाऊस पडू दे. तू थांबली नाहीस. कारखान्याच्या फाटकाजवळ नळ होता, तिथं तू सुट्टी झाल्यावर कॅन भरायला लागलीस. गोड्या तेलाचे रिकामे कॅन कुठून कुठून गोळा केले होतेस. वॉचमन ओरडायचा, “वैनी, आख्खी कंपनी पिऊन जाता का काय?” आणि तू म्हणायचीस, “भाऊ, मी न्हाई पीत, माझं घर पितंय.” तो मग दुसरीकडं बघायचा. टेम्पोत मागं माल, मालाच्या फटीत तुझे कॅन. संध्याकाळी उतरून तू पदर खोचायचीस आणि तांब्यानं भिंतीवर पाणी मारत जायचीस, वरपासून खालपर्यंत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालतात तशी सावकाश. एकदा मी त्यातल्याच पाण्यानं पाय धुतले. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. “भिंतीच्या तोंडचं पानी पळविती व्हय गं?” आजही आपल्या भिंतीला एक पोपडा नाही. शेजारच्यांची घरं आपल्यानंतरची, त्यांना दोनदा लेपन झालं.

आणि मला तो दुपारचा प्रसंगही आठवतो. स्लॅब टाकून झाला होता, माणसं जेवायला बसलेली. तू पिठलं वाढत होतीस. ग्रामपंचायतीचा शिपाई घराची नोंद करायला आला होता, त्यालाही ताट दिलं होतंस. त्यानं तात्यांना विचारलं, नाव काय लावायचं. तात्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. तू भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकलीस आणि म्हणालीस, “माझं बी टाका की एका कोपऱ्यात.” सगळे हसले. मिस्तरी म्हणाला, “वैनी, घर घिऊन पळून जाता का काय?” तात्या म्हणाले, “हिला आता सरपंच करा.” तू पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसलीस आणि कांदा फोडायला आत गेलीस. तू परत आलीस तेव्हा बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. तू पुन्हा काढलं नाहीस. त्या घरात तू पुरती पाच वर्षंही राहिली नाहीस. कावीळ झाली, अंगावर काढलीस, आणि मी बारावीत असताना गेलीस.

म्हणून परवा मी तात्यांपुढं बसले आणि म्हणाले, नावं लावायचीच आहेत तर आधी आईचं लावा. तिचं लावा, मग त्या दोघांचं लावा. तात्या माझ्याकडं असे बघत राहिले जसं काही मी त्यांना तुझ्या ताटात जेवण वाढायला सांगितलं. म्हणाले, “आगं, ती हाय कुठं?” मी म्हणाले, असताना कुठं लावलं? मग ते चिडले. “तुज्या आईनं कवा मागितलं का? एका शब्दानं तरी?”

मी म्हणाले, “मागितलं होतं. तुम्ही हसला होता.”

त्यांना आठवलं नाही. खरंच आठवलं नाही आई, ते ढोंग करत नव्हते. मी सगळं सांगितलं, पिठलं, शिपाई, मिस्तरीचं बोलणं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “त्ये तर ती गमतीनं म्हनली आसंल.” त्यापेक्षा ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. कालवलेला भात तसाच ठेवून ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. धाकटा मला म्हणाला, “ताई, लगीन मोडायचंय का तुला? मेलेल्या मानसावरून भांडन काढती.” त्याचंही चूक नाही. त्याला तू नीट आठवतही नाहीस. त्याच्या आठवणीत तुझ्या जागी माझा हात आहे, डबा देणारा.

मुलीची मागणी चुकीची नाही, हे मी अजूनही म्हणते. उद्या तिच्यावर वेळ आली तर तिला दाराबाहेर कुणी काढू शकणार नाही. हेच तर मला हवं होतं. पण आई, ती अजून या घराचा उंबराही ओलांडून आली नाही आणि तिचं नाव लागतंय, कारण आज मुली मिळत नाहीत. तू नागापूरचं पाणी या भिंतींना पाजलंस आणि तुझं लागलं नाही, कारण तेव्हा बायका मिळत होत्या. मी भाषणात जे न्याय न्याय म्हणते, त्याच्या पोटात हे एवढंच निघालं. तात्यांना काही पटलं नाही, त्यांची अडचण झाली. अडचण झाली की नाव लागतं.

तात्यांनी काल कुणाला न सांगता एक तोडगा काढून ठेवला होता, तो आज सकाळी सांगितला. दारावर संगमरवरी पाटी लावायची, तुझ्या नावाची. लग्नाच्या आत. “निस्तं मातोश्री न्हाई, आख्खं नाव घालू तिचं. येनारा-जानारा वाचंल.” ते मनापासून म्हणत होते. पाटी करणाऱ्याशी बोलूनही आले होते, अक्षर सोनेरी घ्यायचं का काळं ते मला विचारत होते. आपल्या गावात अशी कितीतरी घरं आहेत, दारावर आईचं नाव आणि दप्तरात तिचं कुठं नाव नाही. मी त्या पाट्या वाचत वाचतच मोठी झाले आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. मी म्हणाले, काळं घ्या.

मग आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. उद्याची वारस म्हणून माझी संमती मागतात, ती दिली तर पुढच्या सभेत ठराव होऊन नावं चढतील. मी ठरवून गेले होते की एकदा तिथंही विचारायचं. कारकून माझ्या शाळेतला, दोन वर्षं पुढचा. मी त्याला म्हणाले, आईचं नाव लावता येईल का, त्या काळापासून? तो चांगला मुलगा आहे, हसला नाही. म्हणाला, “मयताचं नाव लागत न्हाई ताई. मयताचं फक्त कमी होतं. आन काकूंचं तर कमी करायला बी न्हाई.” मग त्यानं आपल्या कामाला सुरुवात केली. आता जोडप्याचीच नावं घेतात म्हणे, नवऱ्याच्या नावापुढं बायकोचं. धाकट्याच्या नावापुढं त्यानं मुलीचं नाव घातलं. तात्यांच्या नावापुढं तो थांबला, आमच्याकडं बघितलं आणि ती जागा मोकळी सोडून पुढं गेला. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

मी सही का केली ते सांगते. केली नसती तर सोयरीक मोडली असती. तात्यांना आणि धाकट्याला त्यातून काही शिकायला मिळालं नसतं, आणि जिनं पहिल्यांदा माझं ऐकलं त्या मुलीला मात्र मिळालं असतं, की तोंड उघडलं की जमलेलं लग्न मोडतं. तिनं पुन्हा कधी काही मागितलं नसतं. तुझा हिशेब तिच्याकडून वसूल करणं मला जमलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, तुमच्यामुळं झालं. मी आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगितलं.” मी म्हणाले, अगं माझ्यामुळं कसलं, तुझा हक्कच आहे तो. मग तिनं लाजत विचारलं की घरी ओटा जरा खाली आहे ना, आई म्हणत होती, तो उंच करून घेतला तर चालेल का. मी चालेल म्हणाले. तिची पाठ का दुखावी?

गावात आता बोलतात की पोरगी आईच्या नावासाठी बापाशी भांडली. आत्यानं तर फोनवर रडून सांगितलं, लेक असावी तर अशी. संस्थेतही हे सांगितलं तर माझं कौतुकच होईल. सगळ्यांना वाटतं मला फक्त तुझ्यासाठी लागलं. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, आणि हा कागद कुणाच्या हाती जाणार नाही म्हणून इथं लिहिते. सही झाल्यावर कारकुनानं कागद स्वतःकडं ओढला आणि पेन तसंच धरून, अगदी सहज, सगळ्यांना विचारतात तसं मला विचारलं, “ताई, आनखी कुनाचं नाव लावायचंय का?” मी तात्यांकडं बघितलं. ते शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर शोधत होते. ते बोलतील म्हणून मी थोडा वेळ थांबले. कारकूनही थांबला.

मी म्हणाले, “नाही, कुणाचं नाही.”

माझं लावायचं होतं, आई.